डूला व्हायचंय? गोव्यात कोर्स निवडण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात डूलाचं काम करते. 'हा कोर्स चांगला आहे का?' असं विचारणारे फोन डिचोलीपासून काणकोणपर्यंत सगळीकडून येतात. बहुतेक वेळा समोर एखादी जाहिरात असते आणि फी भरायची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते. अशा घाईत नीट बोलणं होत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. प्रमाणपत्र बघून कोर्स निवडू नका. तो तुम्हाला खऱ्या बाळंतपणापर्यंत नेतो का, आणि तिथे तुमच्या पाठीशी कोण असणार आहे, हे बघून निवडा.

डूला नेमकं काय करते? सिस्टर, मिडवाइफ आणि वैजीण यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?

डूला ही बाळंतपणात बाईजवळ सलग राहणारी, त्यासाठी शिकलेली सोबतीण. कळा वाढायला लागल्यापासून बाळ छातीशी लागेपर्यंत ती तिथून हलत नाही. कंबर दाबून देणं, कुशीवर वळायला मदत करणं, पाण्याचा घोट देणं, श्वासाची लय धरून ठेवणं, घाबरलेल्या नवऱ्याला काय करायचं ते सांगणं, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या शब्दांत पुन्हा समजावणं, हे सगळं तिचं काम. ती आतून तपासणी करत नाही, बीपी घेत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही, सलाइनला हात लावत नाही.

लेबर रूममधल्या सिस्टरकडे एका वेळी अनेक बायका असतात आणि तिची जबाबदारी वैद्यकीय असते. मिडवाइफचं शिक्षणच वेगळं आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नर्सिंग झालेल्यांसाठी मिडवाइफरीचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण ठरवलेलं आहे. आणि आमच्या आज्यांच्या काळातली वैजीण, म्हणजे गावची सुईण, बाळंतपणही करायची, नाळही कापायची आणि धीरही द्यायची. डूलाच्या वाट्याला त्यातला फक्त धीर द्यायचा भाग आला आहे. आठवड्याभरात तुम्हाला घरी बाळंतपण करायला शिकवू, असं सांगणारा कोर्स डूलाचा नाही आणि मिडवाइफचाही नाही. तो धोक्याचा आहे.

याचा खरंच उपयोग होतो, की हे श्रीमंतांचं नवं फॅड आहे?

उपयोग होतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. मार्शल क्लाऊस आणि जॉन केनेल या डॉक्टरांच्या गटाने ग्वाटेमालातल्या एका सरकारी हॉस्पिटलात केलेला अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. कळांमध्ये एकट्या असलेल्या बायकांपेक्षा सोबत मिळालेल्यांचं बाळंतपण सोपं गेलं, असं त्यात दिसलं. त्यानंतर पुष्कळ अभ्यास झाले. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतले २६ अभ्यास आणि पंधरा हजारांवर बायका होत्या. सलग सोबत मिळाली तर नॉर्मल डिलिव्हरीची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ सरासरी सुमारे ४० मिनिटांनी कमी होतो आणि बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणा कमी राहतो, असा त्याचा निष्कर्ष. सोबतीने अपाय झाल्याचं आढळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत असावी, असं म्हटलं आहे.

पण हे आकडे पुष्कळ बायकांच्या सरासरीचे आहेत. 'मी असले की तुझं सिझर होणार नाही' असं एखाद्या बाईला सांगायचा अधिकार त्यातून कुणालाच मिळत नाही. शिकवणारीच असं बोलत असेल, तर तिच्या शिष्याही तेच बोलणार.

डूला व्हायला सरकारी परवाना लागतो का?

नाही. भारतात डूलासाठी परवाना, नोंदणी किंवा परिषद नाही. नर्स आणि एएनएम (सहाय्यक नर्स-मिडवाइफ) यांच्या शिक्षणावर इंडियन नर्सिंग कौन्सिलचं नियंत्रण आहे, त्यांची राज्यात नोंदणी होते. डूलाचं तसं काहीच नाही.

म्हणून जाहिरातीत 'सरकारमान्य' हा शब्द दिसला की कोणत्या खात्याने, कोणत्या कायद्याखाली मान्यता दिली तो कागद मागा. बहुतेक वेळा समोर येतं ते कंपनीच्या नोंदणीचं, उद्यम नोंदणीचं किंवा आयएसओचं प्रमाणपत्र. हे कागद व्यवसाय चालवण्याचे आहेत. डूला म्हणून तुम्ही काय शिकणार, याबद्दल त्यात एक अक्षरही नसतं.

मग प्रमाणपत्राचा उपयोग काय? 'ट्रेन्ड' आणि 'सर्टिफाइड' यांत फरक असतो का?

असतो, आणि पुष्कळ जणींना तो पैसे भरल्यावर कळतो. कार्यशाळेला बसलात की तुम्ही ट्रेन्ड. सर्टिफाइड होण्यासाठी त्यानंतर प्रत्यक्ष बाळंतपणांना सोबत करून त्यांच्या नोंदी द्याव्या लागतात.

अमेरिकेतली डोना इंटरनॅशनल ही १९९२ मध्ये सुरू झालेली संस्था यातली सर्वांत जुन्या नावांपैकी एक. तिच्या पद्धतीत किमान १६ तासांची कार्यशाळा, ठरावीक वाचन, स्तनपानाचं आणि बाळंतपणाच्या तयारीचं शिक्षण, किमान तीन बाळंतपणांना सोबत आणि त्यांबद्दलचे लेखी अभिप्राय अशा पायऱ्या असतात. प्रमाणपत्राचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरणही करावं लागतं. १९९८ मध्ये सुरू झालेली कॅपा आणि दूरशिक्षणातून शिकवणारी चाइल्डबर्थ इंटरनॅशनल हीसुद्धा माहितीतली नावं. भारतात या किंवा अशा संस्थांशी जोडलेल्या प्रशिक्षक आहेत, तशाच स्वतःचा अभ्यासक्रम बनवून शिकवणाऱ्याही आहेत. संस्थांच्या अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा जाहिरातीवर न जाता संस्थेच्या वेबसाइटवर आजच्या अटी वाचा.

बाहेरचं प्रमाणपत्र असलं म्हणजे गोव्यातलं हॉस्पिटल दार उघडेल, असं समजू नका. त्याचा खरा फायदा हा की कुणीतरी तुम्हाला तीन बाळंतपणांना सोबत करायला लावतं, लिहून घेतं, वाचतं. हेच काम एखादी अनुभवी भारतीय प्रशिक्षक मनापासून करून घेत असेल, तर मला तिचा कोर्स तेवढाच मोलाचा वाटतो.

कोर्स निवडताना सगळ्यात आधी काय पाहू?

वर्ग संपल्यानंतर काय होतं, ते पाहा.

वर्गात सगळं सोपं वाटतं. चटईवर मैत्रिणीची कंबर दाबताना तिला कळा नसतात, दार लावायला सिस्टर उभी नसते, बाहेर सासूबाई चिडलेल्या नसतात आणि रात्रीचे तीन वाजलेले नसतात. खऱ्या बाळंतपणात बाई अचानक 'मला हात लावू नकोस' म्हणते. शिकलेलं सगळं बाजूला ठेवून नुसतं शेजारी बसायचं असतं, आणि ते पुस्तक वाचून येत नाही. अशा वेळी फोन उचलणारी मार्गदर्शक लागते. दुसऱ्या दिवशी काय घडलं ते सविस्तर ऐकून घेणारी, 'इथे तू डॉक्टरांच्या मध्ये बोललीस, ते टाळायला हवं होतं' असं स्पष्ट सांगणारी.

म्हणून प्रशिक्षकाला हे विचारा. कोर्सनंतर मार्गदर्शन किती महिने आहे, ते फीमध्ये धरलंय की वेगळं? पहिल्या बाळंतपणांच्या वेळी तुम्ही किंवा तुमची एखादी अनुभवी सहकारी माझ्यासोबत येणार, की फक्त व्हॉट्सॲप ग्रुप? बाळंतपणाची लेखी नोंद कोण वाचतं? मागच्या तुकडीतल्या किती जणी आज हे काम करतात? आणि सर्वांत महत्त्वाचं: तुम्ही स्वतः शेवटची एखाद्या बाळंतपणाला सोबत कधी केलीत? शिकवणारीच लेबर रूममध्ये जाणं थांबवून बरीच वर्षं झाली असतील, तर आजच्या हॉस्पिटलात काय चालतं ते ती सांगू शकणार नाही.

जुन्या विद्यार्थिनींपैकी दोघींशी स्वतः बोला. प्रशिक्षकाने निवडून दिलेल्या दोघींशी नव्हे, तुम्ही शोधलेल्या.

अभ्यासक्रमात काय असायलाच हवं?

बाळंतपणाच्या अवस्था, कळांमध्ये शरीरात काय घडतं, बाळ कसं वळत खाली येतं, हे तर हवंच. उभं राहणं, गुडघ्यांवर टेकणं, कुशीवर झोपणं, बॉलवर बसणं, कमरेवर दाब देणं, ओढणीने पोटाला आधार देणं, या गोष्टी चित्रात बघून येत नाहीत. त्या हातांनी कराव्या लागतात आणि हात कुठे चुकतो ते कुणीतरी दाखवावं लागतं.

पण मी जास्त बारकाईने पाहते ती सिझरची तासिका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गोव्यातल्या जवळजवळ ४० टक्के बाळांचा जन्म सिझरने झाल्याचं दिसलं. देशाचं प्रमाण तेव्हा २१.५ टक्के होतं. गोव्यात काम करणाऱ्या डूलाला दहातल्या चार बायका सिझरच्या भेटू शकतात. ऑपरेशनला नेताना बाईला काय सांगायचं, बाळ आणि आई वेगळी असताना नवऱ्याने काय करावं, टाके असताना बाळाला कसं धरायचं, आधी ठरवलेलं सगळं बदललं तर त्या बाईला अपयश आलं असं वाटू नये म्हणून काय बोलावं आणि काय मुळीच बोलू नये, हे ज्या कोर्समध्ये नाही तो इथल्या कामाचा नाही. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलेल्या आणि कळा आणण्याचं सलाइन लावलेल्या बाईला कशी सोबत करायची, तेही त्यातच आलं.

धोक्याच्या खुणा डूलाला ओळखता यायला हव्यात. इलाज तिने करायचा नाही, पण वेळ न घालवता हॉस्पिटलात पाठवायचं आहे. रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी येणं, हिरवट पाणी जाणं, बाळंतपणानंतर पॅड भराभर भिजणं. अशा वेळी 'बघू थोडा वेळ' म्हणणारी डूला नसलेली बरी. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं.

बाळ दगावलं तर सोबत कशी करायची, हा विषय बरेच कोर्स टाळतात. तुम्ही मुद्दाम विचारा. तसंच स्तनपानाची सुरुवात, चीक का द्यायचा, पहिल्या सहा महिन्यांत वरचं पाणीसुद्धा का नको, बाळाला मध चाटवू नये हे आजीला न दुखवता कसं सांगायचं, हेही शिकायला हवं. गुप्तता, लेखी करार आणि तुम्ही आजारी पडलात तर तुमच्याऐवजी कोण जाणार, यांवरही वर्गात नीट बोलणं व्हायला हवं.

ऑनलाइन कोर्स चालेल का?

माहितीपुरता चालेल. पुष्कळ जणींना घर, मुलं आणि नोकरी सांभाळून तोच परवडतो, आणि चांगले ऑनलाइन कोर्स आहेत. पण हातांचं काम शिकायला निदान दोन-तीन दिवस तरी कुणासमोर प्रत्यक्ष बसायलाच हवं. ऑनलाइन निवडलात तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ किती आणि थेट वर्ग किती, ते विचारा. नुसते व्हिडिओ असतील तर मी पैसे घालणार नाही.

आसगाव, हणजूण, शिवोलीकडे निवासी कोर्स होतात. ते घेऊ का?

किनारी भागात योगकेंद्रांच्या आधाराने असे कोर्स होत असतात आणि काही ठिकाणी शिकवणाऱ्या खरोखर अनुभवी असतात. जगभरातून आलेल्या बायकांबरोबर आठवडाभर राहून शिकण्यात मोठं बळ मिळतं. मात्र त्यांचं सगळं शिकवणं परदेशातल्या घरगुती बाळंतपणांवर किंवा बर्थ सेंटरवर बेतलेलं असेल, तर सत्तरी तालुक्यातल्या बाईला सरकारी हॉस्पिटलात सोबत करताना त्यातलं थोडंच कामी येतं. फीमध्ये राहण्या-जेवणाचा वाटा किती आणि शिकवण्याचा किती, तेही विचारा. तुम्ही वीस मिनिटांच्या अंतरावर राहत असाल तर राहण्याचे पैसे कशाला द्यायचे?

कोणत्या गोष्टी दिसल्या तर पैसे भरू नयेत?

नॉर्मल डिलिव्हरीची हमी. डॉक्टरांना सतत शत्रू ठरवणारी भाषा. कळा याव्यात म्हणून एरंडेल किंवा काढे द्यायला शिकवणं. कोर्ससोबत तेलं, पावडरी, कप्पे-कप्प्यांचे किट विकणं आणि पुढे तुम्हालाही ते विकायला लावणं. गोरं किंवा अतिहुशार बाळ घडवण्याची आश्वासनं. मुलगा की मुलगी याबद्दल कसलेही अंदाज किंवा उपाय; त्याला तर १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची बंदी आहे.

दुधाच्या पावडरीच्या कंपनीचं प्रायोजकत्व असलेला कोर्सही सोडा. बाळाच्या पावडरीची जाहिरात आणि आरोग्य क्षेत्रातल्या लोकांना त्यासाठी मिळणारी आमिषं यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. स्तनपान शिकवणाऱ्या वर्गात त्या कंपनीचं पेनसुद्धा नको.

आणि ज्या कोर्समध्ये 'आज भरलंत तर निम्मी फी' असं दर आठवड्याला म्हटलं जातं, तिथे सवलत नसते. तीच फी असते.

गोव्यातली हॉस्पिटलं डूलाला लेबर रूममध्ये घेतात का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा आणि सर्वांत शेवटी विचारला जातो.

सरकारी धोरण सोबतीच्या बाजूचं आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, आणि २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या, लेबर रूममधली सेवा सुधारण्यासाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही तिचा समावेश आहे. पण त्या सूचनांमधली सोबतीण म्हणजे नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, ती पूर्ण वेळ थांबायला तयार असावी, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये आणि इतर बायकांकडे जाऊ नये, अशा अटी आहेत. बायकांना पडद्याआडची खासगी जागा मिळते अशा ठिकाणी नवऱ्यालाही येऊ देता येतं. पैसे घेऊन आलेल्या डूलाचा उल्लेख त्यात नाही.

म्हणजे जागा एकाच माणसाची. त्या जागेसाठी बाईची आई, सासू, नवरा आणि तुम्ही असे चौघे असता. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) तर सगळ्या गोव्यातून आणि शेजारच्या सिंधुदुर्गातूनही अवघड केसेस येतात, गर्दी मोठी असते, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईची अब्रूही सांभाळायची असते. तिथली सिस्टर तुम्हाला थांबवते तेव्हा तिच्याकडेही कारण असतं, हे शिकवणारा कोर्स मला हवा. खासगी हॉस्पिटलांत सगळं त्या त्या डॉक्टरवर अवलंबून. काही जणी आनंदाने घेतात, काही नवरा किंवा डूला यांतलं एकच म्हणतात, काही सरळ नाही म्हणतात.

म्हणून फी भरण्याआधी तुमच्या तालुक्यातल्या दोन-तीन प्रसूतितज्ज्ञांना वेळ घेऊन भेटा. 'मी हे शिकणार आहे, तुमच्याकडे येऊ द्याल का, कोणत्या अटींवर?' एवढंच विचारा. ते काय म्हणतात त्यावर तुमच्या कोर्सची निवड बदलू शकते. आत प्रवेश मिळणारच नसेल, तर घरी कळा चालू असताना सोबत, हॉस्पिटलच्या दारापर्यंत साथ आणि नंतर घरी भेटी, असंही काम उभं करता येतं. त्याला मी कमी दर्जाचं मानत नाही. त्याऐवजी आतली जागा आईला मिळत असेल, तर त्या आईलाच आधी दोन तास शिकवून ठेवणं हे डूलाचं उत्तम काम आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे. मराठीत कोर्स मिळेल का?

बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत, हिंदीत काही. वर्गात प्रश्न मराठी-हिंदीत विचारता येतील का आणि लेखी काम मराठीत चालेल का, हे प्रशिक्षकाला आधी विचारा. चांगली प्रशिक्षक वाट काढते.

पण कळांमधली बाई इंग्रजीत बोलत नाही. गोव्यात ती कोकणीत कण्हते, मराठीत देवाचा धावा करते, वास्को-मडगावकडे कन्नड किंवा हिंदीत आईला हाक मारते. तुमचं इंग्रजी कच्चं असलं तरी कोकणी आणि मराठी सहज येत असेल, तर इंग्रजी पक्क्या असलेल्या कितीतरी जणींपेक्षा तुम्ही पुढे आहात. कोर्समधल्या सूचना स्वतःच्या बोलीत आणून ठेवा. 'श्वास सोड गो, खांदे सैल सोड' हे वाक्य तोंडात बसलेलं हवं.

माझं लग्न झालेलं नाही, मूल नाही. चालेल?

चालेल. स्वतःच्या बाळंतपणाचा अनुभव नसलेल्या उत्तम डूला आहेत. उलट, अनुभव असलेल्यांना 'माझ्या वेळी असं झालं' हे तोंडावर येऊ न देण्याचा सराव करावा लागतो. स्वतःचं बाळंतपण मनाला लागून राहिलं असेल, तर कोर्सच्या आधी कुणाशी तरी त्याबद्दल बोलून घ्या. सरकारी हॉस्पिटलात मात्र वर लिहिलेली सोबतिणीची अट आड येऊ शकते, हे धरून चाला.

मी नर्स आहे किंवा योग शिकवते. मला छोटा कोर्स पुरेल?

योगशिक्षिकेला नाही पुरणार. नर्सला शरीरशास्त्र पुन्हा शिकावं लागत नाही, पण हात मागे ठेवायला शिकावं लागतं, आणि त्यालाच वेळ लागतो. डूला म्हणून गेलात की तुम्ही तिथे नर्स नसता.

बाळंतिणीची डूला हा वेगळा कोर्स असतो का?

हो, आणि गोव्यात याची गरज मला जास्त दिसते. पूर्वी बाळंतीण माहेरी जायची. आता आई नोकरीत, सासू दूर, नवरा जहाजावर किंवा आखातात. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे ती बाई फ्लॅटमध्ये एकटी. न्हाऊ-माखू घालणारी बाई सकाळी तासभर येते आणि जाते. बाळ छातीला का लागत नाही, रात्री रडतं ते कशाने, आपल्याला सारखं रडू का येतं, हे विचारायला कुणी नसतं.

या कोर्समध्ये स्तनपान, टाक्यांची काळजी आणि त्यांसाठी डॉक्टरांकडे कधी न्यायचं, बाळाची कावीळ ओळखून लगेच पाठवणं, बाळंतपणानंतरची उदासी आणि तिच्यापलीकडचं खरं नैराश्य यांतला फरक हे असायला हवं. शेक, धुरी, बाळंतकाढा, अळीव, डिंकाचे लाडू यांतलं काय निरुपद्रवी आणि काय जपून, यावरही बोलणं हवं. बंद खोलीत शेगडी ठेवणं धोक्याचं आहे, हे घरातल्यांना पटवता आलं पाहिजे. शिवाय या कामाला दिवसाची ठरावीक वेळ असते. लहान मुलं असलेल्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं मी सुचवते.

एकूण खर्च किती धरू?

फी कोर्सप्रमाणे फार बदलते, त्यामुळे आकडा सांगण्यापेक्षा काय काय जोडायचं ते सांगते. कार्यशाळेची फी, तिच्यावरचा जीएसटी, पुस्तकं, संस्थेचं सभासदत्व, प्रमाणपत्राचा अर्ज, नूतनीकरण, आणि परदेशी संस्था असेल तर डॉलरचा भाव आणि बँकेचं शुल्क. त्यात पहिल्या काही बाळंतपणांचा पेट्रोल-खर्च आणि बुडालेली मजुरी किंवा पगार धरा, कारण ती बहुधा नाममात्र पैशांत करावी लागतात. हप्ते मिळतील का आणि कोर्स रद्द झाला किंवा तुम्ही सोडला तर किती परत, हे लेखी घ्या.

यावर घर चालेल का?

पहिल्या वर्षी चालणार नाही, हे धरूनच या. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आपलं राज्य छोटं, डूलाला पैसे देऊ शकणाऱ्या बायका त्याहून थोड्या, आणि एका महिन्यात तुम्ही दोन-तीन बाळंतपणांपेक्षा जास्त जबाबदारी नीट पेलू शकत नाही. तारखेच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे फोन उशाशी असतो. चवथीला माटोळी बांधताना बोलावणं येईल, शिगम्यात येईल, नाताळच्या रात्री येईल. स्वतःचं वाहन हवंच, कारण रात्री दोन वाजता ना कदंबाची बस असते ना पायलटची मोटरसायकल-टॅक्सी. चोडण-दिवाडीकडे फेरीबोटीच्या वेळा पाठ हव्यात, आणि जून ते सप्टेंबर सत्तरी-सांग्याच्या रस्त्यांवर झाड आडवं पडलेलं असू शकतं, म्हणून लवकर निघायची सवय हवी. घरातल्यांना हे सगळं फी भरण्याआधी सांगा. रात्री अचानक गेलात तर तुमच्या मुलांना कोण बघणार, हे आधी ठरवा.

टिकून राहिलेल्या जणी बहुतेक दोन-तीन कामं जोडतात: गरोदरपणीचे वर्ग, बाळंतिणीच्या भेटी, स्तनपानाचं मार्गदर्शन.

कोर्सच्या आधी फुकट काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशी इंटरनेटवर मोफत आहेत. स्तनपानावर काम करणाऱ्या बीपीएनआय या भारतीय संस्थेचं साहित्य वाचा. घरातल्या आणि शेजारच्या बायकांना त्यांचं बाळंतपण कसं झालं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. सल्ला द्यायची उबळ आवरता येते का, ते तिथेच कळेल. अंगणवाडी सेविकेबरोबर एखाद्या गृहभेटीला जाता आलं तर तिच्या परवानगीने जा. महिनाभर हे करूनही ओढ टिकली तर मग कोर्स शोधा.

कोर्स झाला. पहिली बाई कुठून मिळणार?

ओळखीतून. जाहिरात नंतर करा. नात्यातल्या, शेजारच्या, मुलांच्या शाळेतल्या कुणाला तरी पाचवा-सहावा महिना असतो. तिला पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही नव्या आहात, तुमच्यामागे अमुक मार्गदर्शक आहे, आणि तुम्ही काय करणार व काय करणार नाही. ते एका कागदावर लिहून दोघींनी सही करा. तिच्या डॉक्टरांना तिच्यासोबत जाऊन भेटा, लेबर रूमच्या इनचार्ज सिस्टरलाही दिवसाउजेडी एकदा तोंड दाखवून या. बाळाचा फोटो किंवा बाईचं नाव तिच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकू नका, तिने आनंदाच्या भरात हो म्हटलं असेल तर महिन्याने पुन्हा विचारा. आणि बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, घडलेलं सगळं क्रमाने लिहून मार्गदर्शकाला पाठवा.